वावरातल्या डुकरासाठी काडतूस निवडताना

परवाना नवा असो की वडिलांच्या पश्चात नावावर झालेली दुनळी असो, बंदुकीच्या दुकानात गेलेला माणूस हमखास एकच प्रश्न विचारतो: "डुकरासाठी सगळ्यात जोरदार काडतूस कोणतं जी?" दुकानदारही एल.जी.चा, म्हणजे सगळ्यात जाड छर्ऱ्यांच्या काडतुसांचा, डबा काउंटरवर ठेवून मोकळा होतो. खरं तर विचारायचं वेगळंच असतं. आपल्याकडे विदर्भात तुरीच्या वावरात रात्री कोणी एकटा नसतो. या धुऱ्यावर तुम्ही, त्या धुऱ्यावर शेजारी, पलीकडच्या मचाणावर जागलीला आलेला त्याचा सालदार, आणि नाल्याच्या काठाला मेंढपाळाचं बिऱ्हाड. गोळी चुकली, किंवा लागून आरपार गेली, तर ती कुठे थांबेल हे ज्याला सांगता येत नाही त्याने जोराची चौकशी करूच नये. काडतूस त्या उत्तरावरून ठरतं, जनावराच्या आकाराचा नंबर त्यानंतर.

पुढचं सगळं शस्त्र परवाना आणि वनखात्याची लेखी परवानगी, दोन्ही हातात असलेल्यांसाठी आहे. बाकीच्यांनी माहिती म्हणून वाचावं.

पहिली पायरी: दोन कागद

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आल्यापासून हौसेच्या शिकारीचा विषय संपला. शेतकऱ्यासाठी उरलं ते कलम ११. जनावर माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला, त्यात उभं पीकही आलं, धोकादायक झालं आहे अशी खात्री पटली तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणं नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) दोन्ही या कायद्याच्या अनुसूची २ मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहेत, त्यामुळे "डुक्कर तर आहे, त्याला कोण विचारतो" हे पारावरचं बोलणं पारावरच ठेवा. चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करा, नुकसानीचा पंचनामा आणि सातबारा सोबत असू द्या. परवानगीत जनावर, गट नंबर, मुदत असं जे लिहिलं असेल तेवढंच चालतं. ताडोबा, टिपेश्वर, बोर, मेळघाट किंवा उमरेड-कऱ्हांडल्याच्या हद्दीला वावर लागून असेल, तर अधिकाऱ्याशी समोरासमोर बोलून मगच पुढचं पाऊल.

तारेत करंट सोडणं आणि कणकेच्या गोळ्यात स्फोटक दारू भरून ठेवणं, हे दोन इलाज अजूनही गावोगाव सांगितले जातात. करंटने विदर्भात वाघ मेले आहेत आणि माणसंही. त्यावर याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

दुसरा कागद शस्त्र परवान्याचा. त्यावर हत्याराचा बोअर (नळीचं माप), एका वेळी किती काडतुसं जवळ ठेवता येतील आणि वर्षाला किती विकत घेता येतील हे लिहिलेलं असतं. वडिलांच्या काळात तीन हत्यारं ठेवता यायची. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून दोनच, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली. आणखी एक. परदेशातल्या व्हिडिओंमध्ये लोक घरच्या टेबलावर दारू तोलून, गोळी बसवून स्वतःचं काडतूस तयार करताना दिसतात. आपल्याकडे दारूगोळा तयार करायला शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे वेगळा परवाना लागतो. म्हणून आपली निवड कारखान्यातून आलेल्या डब्यांपुरतीच. तेही वाईट नाही, डब्यावर लिहिलेलं नीट वाचता आलं तर.

दुसरी पायरी: हातात काय आहे ते ओळखा

गावात दहापैकी नऊ घरी १२ बोअरच निघेल. एका पौंड शिशाचे बारा सारखे गोल गोळे पाडले तर त्यातला एक गोळा ज्या नळीत बसेल ती १२ बोअर. आतला व्यास साधारण १८.५ मिमी. नळी आतून गुळगुळीत असते, म्हणून छर्रेही जातात आणि एकेरी गोळीही जाते.

रायफल असलीच तर बहुधा .३१५ (हा आकडा इंचातल्या मापाचा). तिची गोष्ट मजेशीर आहे. लष्कराच्या बोअरची काडतुसं सामान्य माणसाच्या बंदुकीत बसता कामा नयेत अशी इंग्रजांची खबरदारी होती, म्हणून लष्करी .३०३ ला बाजूला ठेवून ऑस्ट्रियाच्या ८ मिमी मॅनलिकर काडतुसावर बेतलेली ही शिकारी रायफल आली. इंग्रज गेले, खबरदारी राहिली: .३०३ आणि ७.६२ मिमी आजही प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतात, .३१५ मोडत नाही. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने ती बनवली आणि पिढ्यान्‌पिढ्या ती चालत आली. .३०-०६ क्वचित दिसते. तिच्या नावातले ३० म्हणजे इंचाचे शंभरांश आणि ०६ म्हणजे १९०६ साल.

.२२ ला डुकराच्या कामात जागा नाही. तिच्या गोळीची ताकद दीडशे ज्यूलच्या आसपास; .३१५ ची तीन हजारांच्या घरात. .२२ ने डुक्कर मरत नाही, जखमी होऊन धानाच्या बांधीत किंवा पऱ्हाटीत शिरतं आणि सकाळी कापूस वेचायला आलेल्या बाईसमोर उठतं.

तिसरी पायरी: दुनळीची खोली तपासा

हा भाग कोणी सांगत नाही, म्हणून थोडा सविस्तर.

नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायची जी जागा असते, ती खोली. तिची लांबी सगळ्या बंदुकांत सारखी नसते. जुन्या इंग्रजी दुनळ्यांची खोली बऱ्याचदा अडीच इंच, म्हणजे ६५ मिमी असते. आजची काडतुसं बहुतेक ७० मिमी. आता गंमत अशी की ७० मिमीचं काडतूस ६५ च्या खोलीत आरामात बसतं, बंदूक बंदही होते. कारण डब्यावरची लांबी ही उडाल्यानंतर तोंड उघडलेल्या पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या कवचाची असते. न उडालेलं काडतूस तोंड दुमडलेलं असल्यामुळे आखूड दिसतं. बार झाला की ते तोंड उघडायला जागा मिळत नाही, वाट अडते आणि दाब वाढतो. एक-दोन बार जातीलही. मग कधीतरी नळी फुगते, आणि डावा हात नेमका तिथेच असतो.

बंदूक उघडून नळ्या दस्त्यापासून वेगळ्या करा आणि नळीच्या खालच्या सपाट भागावरचे ठसे वाचा. २½ किंवा ६५ असेल तर ७० चं काडतूस घ्यायचं नाही. ठसा पुसलेला असेल तर परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याकडून मोजून घ्या. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नागमोडी नक्षी दिसली तर ती जुन्या पद्धतीची, लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेली नळी. ती भिंतीवर शोभते. आजची दारू तिच्यात घालू नका, कोणी काहीही सांगो.

दुनळीत बहुधा उजवी नळी तोंडाला मोकळी आणि डावी आवळलेली असते. पुढचा चाप उजवीचा. एकेरी गोळी मोकळ्या नळीतूनच. आवळ नळीतून कोणती गोळी चालते हे डब्यावर स्पष्ट लिहिलेलं नसेल तर चालत नाही असंच धरा.

चौथी पायरी: छर्रे की एकेरी गोळी

१२ बोअरच्या मोठ्या छर्ऱ्यांत दोन नावं ऐकू येतात, एल.जी. आणि एस.जी. एस.जी.चा छर्रा ८.४ मिमीचा, २८ ग्रॅम वजनात साधारण आठ बसतात, एल.जी.चा त्याहून जाड, म्हणून पाच-सहाच. ऐकायला दोन्ही भरभक्कम. पण एस.जी.चा एक छर्रा साडेतीन ग्रॅमचा, गोल, आणि गोल वस्तूचा वेग हवेत लवकर मरतो. वयात आलेल्या नर डुकराच्या खांद्यावर चिवट कुर्च्यांची जाड ढाल असते, सुळ्यांच्या मारामारीत निसर्गाने दिलेली. चाळीस-पन्नास पावलांवरून गेलेले छर्रे त्या ढालीत अडकून बसतात.

शिवाय छर्रे पसरतात. मोकळ्या नळीतून दर पावलाला दोन-अडीच सेंटिमीटर पसारा धरा. तीस पावलांवर तो हात-दीड हात होतो, आणि डुकराची मर्माची जागा जेमतेम वीतभर. आठातले दोन तिथे लागले तर नशीब. उरलेले पोटात, मांडीत किंवा मागे. म्हणून छर्रे पंचवीस पावलांच्या आतच. त्यापुढे नाही, चांदणं कितीही असलं तरी. मी स्वतः पंचवीसच्या आत एस.जी.ला एल.जी.पेक्षा बरं मानतो, कारण छर्रे जास्त म्हणजे मर्मावर दोन-तीन लागायची शक्यता जास्त. एल.जी.चं आकर्षण नावापुरतं आहे.

एकेरी गोळी साधारण २८ ग्रॅमची, ढाल फोडायला पुरेशी. गुळगुळीत नळीतून पन्नास मीटरपर्यंत ती भरवशाची, आणि तेही आधी कागदावर मारून पाहिलेली असेल तर. अडचण अशी की चुकली तर ती छर्ऱ्यासारखी लवकर दमत नाही. मचाणावरून खाली तिरपं मारत असाल तर ती मातीत जाते. जमिनीवर उभं राहून सपाट मारत असाल तर ती शेजाऱ्याच्या वावरात जाते.

मचाण बांधताना हेच डोक्यात ठेवा. दहा-बारा फूट उंची, आणि डुकरांची वाट मचाणापासून वीस पावलांवर. मग कोणतंही योग्य काडतूस पुरतं आणि गोळी काळ्या मातीत संपते. पावसाळ्यात आपली माती गोळी गिळते. उन्हाळ्यात तीच टणक होते, आणि मुरमाड किंवा खडकाळ जागी, साचलेल्या पाण्यावर गोळी उसळून कुठेही जाते. यवतमाळ-अमरावतीच्या बरड जमिनीत काळा बेसाल्ट वीतभर खाली असतो, हे विसरून चालत नाही.

पाचवी पायरी: रायफल असेल तर

रायफलचं काडतूस निवडताना तीन गोष्टी: गोळीचं वजन, तिची बांधणी, वेग. नवखा वेग विचारतो, जाणकार बांधणी.

वजन ग्रेनमध्ये लिहितात. पंधरा ग्रेन म्हणजे जवळपास एक ग्रॅम. .३१५ ची गोळी २४४ ग्रेनची, वेग सेकंदाला दोन हजार फुटांच्या आसपास: जड आणि सावकाश. .३०-०६ मध्ये १५० पासून १८० ग्रेनपर्यंत मिळतात, १८० ग्रेनचा वेग सुमारे २,७०० फूट.

बांधणीत सॉफ्ट नोज म्हणजे पुढचं शिसं उघडं. अंगात शिरल्यावर ती पसरते, जखम मोठी होते, जनावर लवकर पडतं आणि गोळीचा जोर बराचसा आतच संपतो. पूर्ण तांब्याच्या कवचाची गोळी न पसरता आरपार जाते: जनावर जखमी होऊन पळतं आणि गोळी मागच्या माणसाकडे. ती जनावरासाठी घ्यायचीच नाही. स्वस्त मिळाली तरी.

आता जनावर. आपल्याकडचं मोठं डुक्कर शंभर किलोच्या पुढे जातं, नर रोही दोनशेच्याही वर. दोघांनाही .३१५ सॉफ्ट नोज शंभर मीटरच्या आत पुरेशी आहे. .३०-०६ असेल तर डुकराला १५० किंवा १६५, रोह्याला १८०. यापलीकडे मॅग्नम वगैरे नावं विदर्भाच्या वावरात निरर्थक. .३०-०६ ची वाया गेलेली गोळी काही किलोमीटर जाऊ शकते, त्यात एक पूर्ण गाव येतं. मागे नाल्याचा उंच काठ, टेकडीचा उतार किंवा मातीचा जाड बांध नसेल तर रायफल खांद्यालाच राहू द्या. झुडपी जंगल हा आडोसा नव्हे. पळसाच्या पानांनी गोळी थांबत नाही.

शंभर मीटरवर नेम बसवलेली .३०-०६ दोनशेवर अर्धी वीत खाली मारते; .३१५ वीतभर आणि वर. पण दोनशे मीटरवरून रात्री मारायचं कारणच नाही, म्हणून हे गणित इथेच सोडतो.

सहावी पायरी: डबा वाचा, मग रेंजवर जा

डब्याच्या अरुंद बाजूला बोअर, लांबी, छर्ऱ्याचा नंबर किंवा गोळीचं वजन, आणि लॉट नंबर असतो. खडकीच्या कारखान्याच्या १२ बोअरवर के.एफ. अक्षरं दिसतील, तो कारखाना १८६९ पासूनचा. एकाच लॉटचे डबे घ्या. लॉट बदलला की नेम थोडा बदलू शकतो, आणि आपल्याला वर्षाला मिळणारी काडतुसं मोजकी, म्हणून दर वेळी नव्याने चाचपडणं परवडत नाही.

मग नेमबाजीच्या मान्यताप्राप्त रेंजवर जाऊन कागदावर मारून बघा. वावरात टीनाच्या डब्यावर मारून नाही. परवानगी पिकाच्या रक्षणाची आहे, सरावाची नाही. छर्रे तपासायला मोठा पुठ्ठा पंधरा, वीस, पंचवीस पावलांवर लावा आणि मधोमध वीतभर व्यासाचं वर्तुळ काढा. ज्या अंतरावर त्या वर्तुळात तीनपेक्षा कमी भोकं पडतात, तिथे तुमच्या बंदुकीची आणि त्या काडतुसाची हद्द संपली. ते अंतर लक्षात ठेवा आणि मचाणापासून तेवढ्या पावलांवर खुंटी ठोकून तिला पांढरं फडकं बांधा. फडक्यापलीकडचं डुक्कर तुमचं नाही.

सातवी पायरी: आधी ओळख, मग चाप

टॉर्च मारली आणि दोन डोळे लखलखले, की पोरं ओरडतात, "डुक्कर हाये!" नसतं. डुकराच्या डोळ्यात उजेड परतवणारा पडदा नसतो, त्याचे डोळे जेमतेम मिणमिणतात. लखलखणारे डोळे गाईचे, रोह्याचे, कुत्र्याचे, बिबट्याचे असतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडे ते कोणाचेही असू शकतात. म्हणून डोळ्यांवर कधीच नाही. पूर्ण अंग, लांब मुस्कट, मानेवरची उभी आयाळ दिसली तरच.

रोह्याच्या बाबतीत घोटाळा सांबराच्या मादीशी होतो. रोह्याची मादी तांबूस-बदामी, गळ्यावर पांढरा डाग, खुरांच्या वर पांढरी कडी, पाठ मागे उतरती. सांबर गडद तपकिरी, मोठे कान, पांढरी कडी नाहीत. परवानगी रोह्याची असली तर सांबर त्यात येत नाही. शंका आली की बंदूक खाली.

नेम कुठे? डुकराचं काळीज फार खाली आणि पुढे असतं. आयाळीमुळे पाठ उंच दिसते आणि नवखा माणूस अंगाच्या मधोमध धरतो; गोळी पोटात जाते. जनावर आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या कोपराच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात धरा. समोरून येणाऱ्या, पळणाऱ्या, पिलांसोबतच्या डुकरावर नाही. कळपावर छर्रे तर कधीच नाही. एकाला मारताना तीन जखमी होतात.

मारल्यानंतर

जागेवर पडलं तरी लगेच धावू नका. दुसरं काडतूस भरून, पंधरा-वीस मिनिटं थांबून, मागच्या बाजूने जा. रक्ताचा माग उभ्या पिकात शिरत असेल तर रात्री आत जायचं नाही. वनरक्षकाला फोन करा आणि शेजारच्या वावरवाल्यांना सावध करा. कलम ११ च्या परवानगीने मारलेलं जनावर कलम ३९ प्रमाणे सरकारची मालमत्ता असतं. पंचनामा होऊन विल्हेवाट लागेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, वाटा तर दूरच. गावात "काकाजी, एक तंगडी तरी" म्हणणारे येतीलच. त्यांना वनरक्षकाचा नंबर द्या.

काडतुसं ठेवायची कुठे

मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो, आणि बंद गाडीच्या काचेखाली किंवा टिनाच्या छपराखाली त्याहून कितीतरी जास्त. उन्हात तापलेलं काडतूस मारलं तर दाब वाढतो, महिनोन्‌महिने तापत राहिलं तर दारू खराब होते. घराच्या आतल्या खोलीत, जमिनीपासून वर, कुलपात, बंदुकीपासून वेगळं ठेवा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. कागदी पुंगळीची जुनी काडतुसं ओलीने फुगतात. जोर लावून खोलीत घालावं लागणारं काडतूस घालूच नका. काडतुसाच्या मागच्या टोपीवर हिरवट गंज दिसला तरी तेच.

चाप ओढला आणि बार झाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेला, मातीकडे धरून किमान अर्धा मिनिट थांबा. उशिरा पेटणारी काडतुसं असतात. मग बंदूक उघडा आणि ते काडतूस वेगळं ठेवून दुकानदाराला परत करा. फेकू नका, चुलीत तर अजिबात नाही. रिकाम्या पुंगळ्याही जपून ठेवा. पुढची खरेदी करताना किंवा परवाना नूतनीकरणाच्या वेळी हिशोब विचारला जातो.

आणि निवडणुकीचं. आचारसंहिता लागली की ठाण्यातून बंदूक जमा करायचा निरोप येऊ शकतो. २०२४ ची विधानसभा निवडणूक नोव्हेंबरात, ऐन तूर-कापसाच्या दिवसांत होती. अशा वर्षी जागलीची दुसरी सोय आधीच करून ठेवा: सोलर कुंपण, शेजाऱ्यांसोबत पाळ्या, फटाके. जमा करताना पावती घ्या, आणि पावतीवर काडतुसांची संख्या बोअरसह वेगळी लिहून घ्या.